भुताक काम होया

“भुताक काम होया. काम नाय गावला, तर ता तुकाच खातला.”

आजीच्या गोष्टीतलं हे वाक्य मला तीस-बत्तीस वर्षांनी पुन्हा भेटलं ते पुण्यात, रात्री दीड वाजता, लॅपटॉपसमोर. ‘ब्लॅक बुक’ नावाचा पत्त्यांचा एक खेळ मी आठवडाभर खेळत होते. त्यातली वासिलिसा शिकाऊ चेटकीण आहे. सुरुवातीच्या काही लढायांनंतर तिच्या ताब्यात चोर्त येतात. चोर्त म्हणजे तिकडची भुतं, सैतानाची चाकरी करणारी. त्यांना गावोगाव धाडायचं, लोकांना त्रास द्यायला लावायचं, आणि त्या प्रत्येक कामगिरीचं पाप वासिलिसाच्या खात्यावर चढवून घ्यायचं, अशी खेळाची रीत. मला ते करवेना. मी त्यांना घरीच बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी वासिलिसा वाटेला लागली ती आधीच खचून. रिकाम्या चोर्तांनी तिलाच कुरतडलं होतं.

आमचं गाव कुडाळहून आत, आणि घराच्या मागे चिवारीचं, म्हणजे बांबूचं, बेट. पावसाळ्यात वीज गेली की आजी चुलीपुढे बसून गोष्ट सांगायची. एका शेतकऱ्यानं मांत्रिकाकडून भूत आणलं. अट एकच, त्याला सतत काम द्यायचं. भुतानं एका दुपारी विहीर खणली, तिन्हीसांजेच्या आत सगळे भाताचे कुणगे लावून काढले, रात्रीतून वर्षाची लाकडं फोडली आणि शेतकऱ्याच्या उशाशी येऊन उभं राहिलं. आता काय? शेतकरी घामाघूम. शेवटी त्याच्या बायकोनं डोकं चालवलं. मागच्या बेटातली सगळ्यात उंच चिवार दाखवून ती म्हणाली, हिच्यावर चढ. शेंड्याला पोचलास की उतर. उतरलास की चढ. आम्ही थांब म्हणेपर्यंत.

ती दोघं कधी थांब म्हणालीच नाहीत.

आजी २०२२च्या पावसाळ्यात गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी हा खेळ घेतला. पत्त्यांचे असे खेळ मी आधीही खेळले होते. थोड्याशा किरकोळ पत्त्यांनिशी सुरुवात करायची, एकेका लढाईनंतर नवा पत्ता मिळवायचा, नको ते पत्ते जोडातून, म्हणजे आपल्या पत्त्यांच्या संचातून, काढून टाकायचे आणि भुयारात किंवा मनोऱ्यात आणखी आत शिरायचं. जोड खेळता खेळता बांधत जाण्याची ही कल्पना रूढ केली ती २००८ साली आलेल्या ‘डोमिनियन’ या टेबलावरच्या खेळानं. संगणकावर तिला भुयारांची साथ देऊन घरोघरी पोचवलं ते मुख्यतः २०१९च्या ‘स्ले द स्पायर’नं. मला त्या खेळांत मजा येते, पण त्यातले पत्ते म्हणजे आकडे. सहा घाव, पाच ढाल. तिथली राक्षसं कुठल्या गावची, त्यांना कोण घाबरायचं, याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. ‘ब्लॅक बुक’मध्ये प्रत्येक भुताला गाव आहे.

ते गाव खरंखुरं आहे. रशियात युरल पर्वताच्या पश्चिमेला कामा नदीकाठी पेर्म हे शहर. भूगर्भशास्त्रात ज्याला पर्मियन कालखंड म्हणतात त्याचं नाव याच भागावरून पडलं, १८४१ साली रॉडरिक मर्चिसन यांनी ते दिलं. पेर्मच्या बरंच उत्तरेला कोल्वा नदीच्या काठी चेर्दिन हे जुनं, लहानसं गाव आहे. इतिहासात त्याचं नाव येतं ते बहुधा कोणाला तरी तिथे हद्दपार केलं म्हणून. १६०१ साली पहिल्या रोमानोव्ह झारच्या काकांना, मिखाईल निकितिच यांना, चेर्दिनच्याही पुढे निरोब गावात साखळदंडांत जखडून खड्ड्यात ठेवलं होतं. ते तिथेच मेले. १९३४ साली कवी ओसिप मांडेलश्टाम यांना चेर्दिनला पाठवलं गेलं आणि तिथल्या इस्पितळाच्या खिडकीतून त्यांनी उडी घेतली. असा तो मुलूख. खेळात तो दिसतो १९व्या शतकातला: लाकडी घरं, घोडागाडीची चिखलवाट, न संपणारं देवदार-सुरूंचं रान आणि क्षितिजावर एखाद्या देवळाचा कळस.

खेळ बनवणारे ‘मोर्तेश्का’ हे पेर्मचेच. त्यांचा आधीचा २०१७ सालचा खेळही कोमी-पेर्म्याक लोकांच्या पुराणकथांवर होता. ‘ब्लॅक बुक’ आला १० ऑगस्ट २०२१ला. त्यासाठी त्यांनी मानववंशशास्त्राच्या आणि उत्तरेकडच्या लोककथांच्या अभ्यासकांना सोबत घेतलं, आणि ते पावलोपावली जाणवतं. रशियनमध्ये ‘बीलिच्का’ म्हणून कथांचा एक प्रकार आहे. ‘माझ्या मावशीला दिसलं होतं’, ‘आमच्या शेजारच्या इवानच्या बाबतीत घडलं’ अशा थाटात सांगितलेली, खरी म्हणून सांगितलेली भुताची गोष्ट. परीकथेहून ती अगदी वेगळी. आमच्याकडे पिंपळाखालून गेलेल्या कोण्या बाबल्याची गोष्ट सांगतात, तीच जात. या खेळाचा पाया या बीलिच्कांचा आहे. त्यामुळे त्यातलं भय लहान, घरगुती आणि पत्ता माहीत असलेलं आहे.

वासिलिसा पोरकी. तिला सांभाळणारा म्हातारा येगोर हा ‘जाणता’ आहे. चेटूक करणाऱ्याला तिकडे तोच शब्द वापरतात, जाणणारा. आपल्याकडेही ‘त्याला माहिती आहे’ असं आवाज खाली आणून म्हणतात तेव्हा माहिती कशाची, ते कोणी विचारत नाही. पोरीनं ही विद्या घ्यायची हे ठरलेलंच होतं. ती मात्र सगळं टाकून आवडत्या मुलाशी लग्न करायला निघाली, आणि तो मुलगा गूढ रीतीनं मेला. मग तिनं काळं पुस्तक हाती घेतलं. त्या पुस्तकाला सात शिक्के. सातही उघडेल त्याची कुठलीही एक इच्छा पुरी होते. तिची इच्छा काय असणार, हे सांगायला नको.

या खेळातला पत्ता म्हणजे त्या पुस्तकाचं पान, आणि पान म्हणजे मंत्रातला शब्द. वासिलिसाच्या हातात तलवार नाही. लढाईत ती दर फेरीला काही पानं निवडून एकापुढे एक मांडते आणि त्यांचा एक मंत्र होतो. काही पानं हुकमाची, म्हणजे आज्ञेची, काही किल्लीची. हुकमाची थोडीच बसतात. किल्ल्या त्यांना जोर देतात. काळी पानं इजा करतात, पांढरी राखतात. काळ्या पानांवर भर देऊन खेळता येतं, पांढऱ्यांवर देऊनही. पण शत्रूचा पुढचा वार समोर दिसत असताना हातात नेमकं नको ते पान यावं, तेव्हा जी घालमेल होते, ती मंत्र अर्धवट आठवणाऱ्या माणसाची घालमेल आहे असं मला वाटत राहिलं.

‘किल्ली’ हा शब्द रचणाऱ्यांनी मनानं घेतलेला नाही. रशियन लोकमंत्राला ‘झागोवोर’ म्हणतात आणि त्याच्या शेवटी म्हणणारा सांगतो, माझे शब्द घट्ट होवोत, चिकट होवोत, माझ्या शब्दांना किल्ली आणि कुलूप. मंत्र म्हणून झाला की तो उघडा सोडायचा नसतो. सुरुवातही ठरलेली: मी आशीर्वाद घेऊन उठेन, क्रूस करून निघेन, दारातून दारात, फाटकातून फाटकात, मोकळ्या रानात जाईन. काळा मंत्र हेच सगळं उलटं करतो. आशीर्वाद न घेता उठेन, क्रूस न करता निघेन, दारानं जाणार नाही, उंदराच्या बिळातून जाईन. एवढ्या एका नकारानं तोच मंत्र दुसऱ्या बाजूचा होतो. हे वाचलं तेव्हा मी किती वेळ तशीच बसून होते.

कारण मला कुलूप माहीत होतं. आजी विंचू उतरवायची. मंत्र ती ओठातल्या ओठात म्हणे. त्यातलं काहीच कळत नसे, फक्त शेवटी आवाज जरासा चढायचा आणि ऐकू यायचं, “फुरो मंत्र, ईश्वरी वाचा.” कोकणातल्या बाईच्या तोंडी नाथपंथी शाबरी मंत्रांचं हे शेपूट कुठून आलं, याचा तिला पत्ता नव्हता. तिला तिच्या मावशीनं दिलं होतं. पण ते म्हटल्याशिवाय ती दुखऱ्या पायावरून हात काढत नसे. लावलं कुलूप, की उठली.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. कोकणातला लाल विंचू माणूस मारतो, विशेषतः लहान मूल. मंत्रानं तो उतरत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रात्र रात्र रुग्णांपाशी बसून त्या विषाचा हृदयावर होणारा परिणाम टिपला आणि प्राझोसिन हे साधं रक्तदाबाचं औषध वापरून असंख्य जीव वाचवले. या बाबतीत माझ्या मनात तिळभर संदेह नाही, आणि आजीच्याही नव्हता. दवाखान्यात औषध मिळायला लागल्यावर ती माणसं दारातूनच परत धाडायची. “आधी डॉक्टर. मगे माझ्याकडे.” आणि दवाखान्यातून आलेलं माणूस खरंच तिच्याकडे यायचं. ती त्याचा पाय मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत बसायची. विष औषधानं उतरलेलं असायचं. रात्र मात्र तिच्या हातानं सरायची.

वासिलिसाकडेही माणसं येतात. तिच्या खोपटाच्या दारात शेतकरी उभा राहतो आणि आपलं गाऱ्हाणं सांगतो. मग खेळ विचारतो की हे कशानं झालं, काय करशील. उत्तर पत्त्यांच्या जोरावर मिळत नाही. त्यासाठी माहिती लागते. खेळात एक कोश आहे. वाटेत भेटलेली भुतं, झाडपाला, चालीरीती यांच्या नोंदी त्यात जमत जातात. तो वाचलेला असेल तर वाट सापडते. रानाचा धनी लेशी माणसाची वाट चुकवतो. तेव्हा अंगातले कपडे उलटे करून घालायचे, उजवा जोडा डाव्या पायात घालायचा. न्हाणीघरात बान्निक राहतो. शेवटचं पाणी आणि शेवटची वाफ त्याची, माणसानं तेव्हा आत जायचं नाही. माझ्या आजीचा चकवा आणि त्यांचा लेशी एकच धंदा करतात, उपाय तेवढा निराळा. चकवा लागला की आमच्याकडे जागच्या जागी बसायचं आणि उजाडेपर्यंत हलायचं नाही. आमचं रान लहान आहे, सकाळी कोणीतरी गुरं घेऊन येणारच. चेर्दिनच्या रानात बसून राहिलेला माणूस थंडीनं मरेल; त्याला चालत राहण्याचाच उपाय हवा. हे माझं आपलं अनुमान. पण लोकांचे तोडगे भुताहून हवामानाबद्दल जास्त सांगतात, असं मला हा कोश वाचताना पुन्हा पुन्हा वाटलं.

त्यातली सगळ्यात अंगावर येणारी नोंद इकोताची. शब्दशः अर्थ उचकी. कामा नदीच्या वरच्या भागात, जुन्या धर्माचारांना धरून राहिलेल्या लोकांत, हा समज खोल रुजलेला. कोणी जाणत्यानं सोडलेला एक जीव माशीच्या रूपानं नाहीतर अन्नातून माणसाच्या पोटात शिरतो आणि तिथेच मुक्काम करतो. त्याला स्वतःचा आवाज असतो, आवडीनिवडी असतात. बाई बोलता बोलता उचकी देते आणि तिच्या तोंडून कोणी तिसरंच बोलायला लागतं. मी लहानपणी देवळात अंगात आलेल्या बायका पाहिल्यात. वर्षभर मान खाली घालून राहणारी एक काकू त्या एका संध्याकाळी सासऱ्याला अरे-तुरे करायची आणि तो हात जोडून उभा असायचा. इकोता वाचताना मला तीच दिसली.

या समजाची दुसरी बाजू भीषण आहे. इकोता शिरला, म्हणजे कोणीतरी सोडला. कोणी? मग गावातली एकटी म्हातारी दिसते, विधवा दिसते. आपल्याकडे असल्या संशयातून होणाऱ्या छळाविरुद्ध २०१३ साली कायदा करावा लागला. खेळात आपण ज्या बाईचे डोळे घेऊन फिरतो तिच्याकडे सगळं गाव याच नजरेनं बघतं. लोकांना ती हवी असते, दाराशी नको असते. माझ्या आजीला असं कोणी वागवलं नाही, हे तिचं भाग्य. तिला नवरा होता, मुलगे होते, जमीन होती.

चोर्तांकडे परत येते. त्यांना काम लागतं ही कल्पनाही लोकांची आहे. जाणत्याच्या हाताखालचे चोर्त ‘काम दे, काम दे’ करून त्याचा जीव खातात. म्हणून तो त्यांना न संपणारी कामं लावतो: वाळूचे दोर वळा, चाळणीनं पाणी आणा, सुरूच्या झाडाच्या सुया मोजा. मोजणी संपत आली की वारा येतो, चार सुया गळतात, पुन्हा पहिल्यापासून. चिवारीवर चढणारं भूत आणि सुया मोजणारा चोर्त यांच्यामध्ये किती हजार मैल आहेत! ही गोष्ट इथून तिथे गेली की तिथून इथे आली, की माणूस कुठेही राहिला तरी त्याला हेच सुचतं? मला तिसरी शक्यता आवडते.

मी शेवटी चोर्तांना गावांत पाठवायला शिकले. तिथे खेळ काही दाखवत नाही. रडणारी बाई नाही, मेलेलं जनावर नाही. पापाचा आकडा तेवढा थोडा वाढतो. पहिल्यांदा पाठवलं तेव्हा मी नकाशावरच्या त्या गावाकडे बघत राहिले. चौथ्यांदा पाठवलं तेव्हा बघितलंही नाही. सत्ता आपल्याला कशी सवयीची होते ते इतक्या स्वच्छपणे मला दुसऱ्या कुठल्या खेळानं दाखवलेलं नाही. मग मी मागे गेले, जुन्या ठिकाणाहून पुन्हा सुरू केलं आणि कमीत कमी चोर्त बाळगून खेळले. तसं खेळणं कठीण जातं. जाऊ दे.

खेळात खोट नाही असं नाही. उत्तरार्धात काही लढाया उगाच लांबतात. चालत फिरण्याचे भाग संथ आहेत. आणि मी तो इंग्रजी भाषांतरातून खेळले, त्यात पेर्मच्या खेडवळ बोलीचा कस उतरलेला नाही, हे रशियन न येताही कळतं. आमच्या आजीची मालवणी पुस्तकी मराठीत घातली तर जे होईल ते. पण रात्रीचा प्रवास, गाडीच्या चाकांचा आवाज आणि सोबतीच्या माणसांशी चाललेल्या हळू गप्पा यांत शिरलं की मी या तक्रारी विसरायचे. वाटेत दुराकचा डावही मांडता येतो. दुराक म्हणजे मूर्ख. ३६ पानांचा हा रशियन खेळ घरोघर खेळतात आणि त्यात जिंकणारा कोणी नसतो. ज्याच्या हातात शेवटी पानं उरतात तो मूर्ख. बाकीचे नुसते सुटतात. जगाचा शेवट होऊ घातलेला असताना चार माणसं पत्ते पिसत बसतात, ही मला त्या खेळातली सगळ्यात माणुसकीची जागा वाटली. आजीच्या तेराव्याच्या आदल्या रात्री आमच्याकडेही ओटीवर पत्ते पडले होते. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

पेर्मच्या बाजूला चूद लोकांची एक दंतकथा सांगतात. हे तिथले जुने रहिवासी. नवी माणसं आली, नवा धर्म आला, तेव्हा त्यांनी जमिनीत मोठाले खड्डे खणले, त्यांवर खांबांच्या आधारानं मातीचं छप्पर घातलं, बायकामुलांसह, भांड्याकुंड्यांसह आत उतरले आणि आतून खांब तोडले. चूद जमिनीत गेली, असं तिकडे म्हणतात. रानात एखादा खळगा दिसला की तो त्यांचा. भुयारांत शिरण्याचे इतके खेळ मी खेळले. भुयारात नेहमी खजिना असतो, नाहीतर राक्षस. ही गोष्ट कळल्यापासून माझ्या भुयारात माणसं आहेत. त्यांनी आपलं सगळं सोबत नेलं आणि वर काही ठेवलं नाही.

आजीनंही काही ठेवलं नाही. १९९५च्या दिवाळीत, २४ ऑक्टोबरला, सकाळी सूर्यग्रहण लागलं होतं. शाळेत आम्हाला काळ्या फिल्मचे चष्मे दिले होते. उत्तरेत खग्रास होतं, आमच्याकडे सूर्याचा घास तेवढा गेला. मी अंगणात चष्मा लावून उभी आणि आजी विहिरीच्या काठावर ओल्या लुगड्यानं बसून पुटपुटत होती. मंत्र ग्रहणात जागवावे लागतात, नाहीतर त्यांचा गुण जातो. मी जवळ गेले तर म्हणाली, “तुका दितलंय, होयो तर. पण मगे माझ्याकडे रवाचो नाय.” मंत्र दिला की देणाऱ्याकडून जातो. मी अकरा वर्षांची होते. म्हटलं, नको, तुझ्याकडेच राहू दे. मला वाटलं, मी तिच्यावर उपकार केला.

रशियन समजुतीत जाणत्याला विद्या दिल्याखेरीज मरण येत नाही. तो दिवसच्या दिवस तळमळतो. घरचे त्याचा हात धरायला भितात, कारण हातातून ती पुढच्याकडे जाते. शेवटी कोणी छपराचा आढ्याचा वासा उचलतं, जीवाला वाट व्हावी म्हणून. खेळातली ही नोंद वाचून मी रात्री उठून पाणी प्यायले. आजीच्या शेवटच्या आठवड्यात मी तिचा हात धरून बसले होते. तिला बोलता येत नव्हतं. तिची बोटं मधूनमधून माझ्या तळव्यावर हलायची, ती दुखऱ्या पायावर वरून खाली हलवायची तशी. मी विचारलं नाही. तेव्हा डोक्यात सलाईन होतं, औषधांच्या वेळा होत्या, आणि मंत्र वगैरे विचारायची लाजही होती. मला त्या मंत्राचा उपयोग नको होता. फक्त शब्द हवे होते, वहीत लिहून ठेवायला. पेर्मच्या मुलांनी त्यांच्या आज्यांच्या भुतांचा केवढा कोश केला, आणि माझ्याकडे माझ्या आजीच्या मंत्राचं नुसतं कुलूप उरलं आहे.

आजी गेल्यावर पहिले काही महिने मी तिची ट्रंक तीनदा आवरली. लुगड्यांच्या घड्या मोडल्या, पुन्हा घातल्या. पुण्यात परत आल्यावर मसाल्याचे डबे वर्णानुक्रमे लावले. रात्री झोप येत नसे, म्हणून हा खेळ. फोनवर काकी म्हणायची, “बाय, तू रिकामी बसा नको.” मी म्हणायचे, नाही गं काकी, मी कुठे रिकामी बसते!

सहा शिक्के उघडून झाले आणि मी थांबले. पुढचा शिक्का उघडला की वासिलिसाला इच्छा मागावी लागणार. या मुलीबरोबर मी चाळीसेक तास चालले होते. तिचं दुःख खेळानं कुठेही रंगवून दाखवलेलं नाही. ती फारशी रडतही नाही, एक काम उरकलं की दुसरं घेते. पण तिची इच्छा पुरी व्हावी की न व्हावी, ते मला ठरवता येईना. शेवट काय आहे ते मी इथे सांगणार नाही, ज्यांना खेळायचा आहे त्यांनी तो स्वतः गाठावा. मी तेव्हा गाठला नव्हता. रोज रात्री खेळ उघडायचे, खोपटात जायचे, येगोरशी दोन शब्द बोलायचे, पानं चाळायचे आणि बंद करायचे.

वर्षश्राद्धाला गावी गेले. पाऊस लागून राहिला होता. लॅपटॉप पुण्यातच होता. दिवसभर माणसांचं जेवण, भांडी, पान-सुपारी. रात्री वीज गेली. काकीचा नातू, साडेपाच वर्षांचा, माझ्या शेजारी येऊन पडला आणि म्हणाला, गोष्ट सांग. मला एकच येत होती. विहीर झाली, कुणगे झाले, लाकडं झाली. भूत उशाशी येऊन उभं राहिलं तेव्हा त्यानं माझा दंड धरला. मग ती बायको, ती चिवार, चढ आणि उतर.

त्यानं विचारलं, “मगे? ता अजून चडता?”

मीही हेच विचारलं होतं, याच खोलीत. आजी तेव्हा काही बोलली नव्हती. तिनं तोंडावर बोट ठेवलं होतं आणि मागच्या दाराकडे मान केली होती. मी तसंच केलं. आम्ही दोघं गप्प पडून राहिलो. बाहेर वारा सुटला होता, आणि मागच्या बेटात सगळ्यात उंच चिवार करकरत होती, वरून खाली, खालून वर.